सात नंबरचा झेंडा आणि जांभळी रेघ

"झेंडा चोरला साहेब! माझ्या पोरीचा झेंडा चोरला, आन् तुम्ही चहा पिऊन राहिले!"

बिलोलीहून आलेला तो जीपवाला ठाण्याच्या पायरीवरूनच असा ओरडला की, खोटं सांगत नाही, समोरच्या पिंपळावरची सगळी वटवाघळं भर दुपारी उडाली आणि कोठडीतला आरोपी हात जोडून उभा राहिला. झेंडा म्हटल्यावर ठाणे अंमलदार अनवाणीच आवारात पळाला आणि आपला खांब बघून आला. नोकरीत आरडाओरडा पोत्यानं ऐकला, पण हा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

तेव्हा मी भोकर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जीपवाल्यामागे त्याची मुलगी उभी होती. वीसेक वर्षांची, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, हातात घामानं मऊ पडलेला नकाशा. ओरडायचं काम तिनं बापाकडे दिलं होतं. सांगायचं मात्र तीच सांगत होती.

"साहेब, आमच्या पळायच्या स्पर्धेत जंगलात नंबरवारी झेंडे लावलेले असतात. हातात नकाशा आन् होकायंत्र. दोन-दोन मिनिटांनी एकेकाला सोडतात. झेंडा हुडकायचा, तिथल्या चिमट्यानं कार्डाला भोक पाडायचं, की पुढचा झेंडा. मी सातव्या जागेवर बरोबर गेले. तिथं झेंडाच न्हाई, चिमटाबी न्हाई. सातचं भोक न्हाई म्हणून मला बाद केलं."

"मग पुढच्या वर्षी पळ की."

"राज्याच्या संघासाठी इथून एकच नाव जातंय साहेब. आज पाच वाजता."

घड्याळात दीड वाजला होता. त्या नावाच्या जागी लातूरच्या एका सरांचं नाव लागलं होतं. हे सर क्लासमध्ये भूगोल शिकवायचे आणि चार वर्षं ही स्पर्धा जिंकत आले होते. सातचं भोक पाडणारे शेवटचे तेच. त्यांच्या मागून आलेल्या कुणाच्याच कार्डावर ते नव्हतं.

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली, सरांना बोलावलं. सर आले ते इस्त्री केल्यासारखे. आम्हा नांदेडकरांना लातूरचं नाव काढलं की घास कडू लागतो, हे मी कबूल करतो. तरी त्या माणसाचं बोलणं इतकं गोड की मीच त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

"मी होतो तेव्हा झेंडा होता, साहेब," सर म्हणाले. "लोखंडी गज आहे त्याला. आसपास शेळ्यावाले फिरत होते. बघा बुवा."

मला पटलं. माझी त्या भागात ख्यातीच तशी होती. चिमूटभर माती जिभेवर ठेवून मी शिवार ओळखायचो. एकदा तर गाव ओळखून शेतमालकाचं नावही सांगितलं होतं. (तो मालक शेजारीच उभा होता, हे मी सहसा सांगत नाही.) दहा मिनिटांत शेळ्यावाला हजर केला. म्हातारा, डोक्याला मुंडासं, नजर माझ्यापेक्षा करडी.

"झेंडा कुठंय?"

"साहेब, माझी शेळी कापड खाती. गज न्हाई खात."

"कुणाला बघितलंस?"

"सकाळधरनं चाळीस माणसं येड्यावानी पळून राहिली. कुणाकुणाला बघू? त्या झेंड्याच्या पळसापाशी तर सगळे गरगर फिरत व्हते, घाण्याच्या बैलावानी."

अर्धा तास मी आवाज चढवला. म्हाताऱ्यानं तंबाखू मळली. अडीच वाजले.

आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती. नोकरीला दोन वर्षं झालेली. बोलायची कमी, म्हणून मी तिला बारनिशीवर, टपालाच्या नोंदी करायला, बसवली होती. ती त्या मुलीशेजारी बसून मोबाईलमध्ये डोकं घालून होती. मी खेकसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, जरा बघता का?"

पळणाऱ्यांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ असतं. पळून झालं की हे लोक जेवायच्या आधी आपापल्या घड्याळातली रेघ इंटरनेटवर स्पर्धेच्या नकाशावर टाकतात. प्रत्येकाचा रंग वेगळा. बटण दाबलं की सगळे ठिपके एकदम सुटतात आणि नकाशावर मुंग्यांसारखे पळतात. कोण कुठं चुकलं, कोण कुणाच्या पुढं गेलं, सगळं दिसतं. मी तीस वर्षं ज्या रानात टाचा झिजवल्या, ते रान तिच्या तळहातावर मावलं होतं. खरं सांगतो, माझ्या छातीत कुणीतरी मिरच्या वाटल्या.

"ही हिरवी रेघ हिची," शिपाई म्हणाली. "सातच्या जागेवर बरोबर गेली, मग शोधत फिरली. मागच्या सगळ्यांचा इथंच गुंता झालाय. आता ही जांभळी बघा. सरांची. सातवर आली, अन् तिथून ही शेपटी नाल्यात गेली. ऐंशी-नव्वद पावलं. परत आली, मग आठकडे."

तेवढं माझ्याही डोक्यात शिरलं. दोन पंच घेतले, जीप काढली. शेपटीच्या टोकाशी नाल्यात दगडांची रास होती. पुढं मी ही गोष्ट सांगताना ती रास हत्तीएवढी व्हायची. खरं तर पाच दगड होते. खाली नारिंगी-पांढरा झेंडा, गज आणि चिमटा. जागेवर पंचनामा केला.

परत आलो तेव्हा साडेतीन झाले होते. सर अजून इस्त्रीतच.

"नाल्यात कशाला उतरलात?" मी विचारलं.

"लघवीला, साहेब."

मी पुढचा प्रश्न जुळवत होतो, तोवर शिपाई शांतपणे म्हणाली, "मग वर दगड कशाला रचले, सर?"

सरांची इस्त्री तिथंच मोडली. खुर्ची पुढं ओढून ते बोलले.

"ती माझ्यामागून चार मिनिटांनी सुटली होती. सहा नंबरला मागं वळून बघितलं, तर ती आलेली. धाप नाही, काही नाही. हसली आणि म्हणाली, 'नमस्कार सर.' तो नमस्कार लागला मला. पुढं तिनं टेकडीला वळसा घातला, मी सरळ चढ घेतला. दोन मिनिटं आधी पोचलो. तेवढी पुरली."

आयोजक धावत आले. गुन्हा दाखल करू नका म्हणून त्यांनी लेखी दिलं. सहा ते आठ हा टप्पाच त्यांनी सगळ्यांच्या वेळेतून वजा केला. पावणेपाचला पोरीचं नाव गेलं. जीपवाला पुन्हा ओरडला, आणि वटवाघळं पुन्हा उडाली.

स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'प्रभारी अधिकाऱ्याच्या सूचनेवरून नकाशा तपासला असता...' शिपाईनं ते वाचलं आणि निमूट रजिस्टर मिटलं. पुढचा महिनाभर ती मोबाईल हातात घेई तेव्हा मी फायलीआडून बघत असे, आता ही काय शोधून काढते म्हणून. चोर पकडणं मला नोकरीनं शिकवलं. जळणारा माणूस मात्र मी त्या दिवशी ओळखायला शिकलो. दोन सापडले, त्यातला एक माझ्याच खुर्चीत होता.

त्या दिवशी सर जबाबावर सही करत होते, तेव्हा मला राहवलं नाही. "सर, तुम्ही शहाणे माणूस. ती रेघ टाकली नसती, तर मी अजून त्या शेळ्यावाल्यावरच ओरडत बसलो असतो. चोरी करून वर रेघ कशाला टाकली?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"तिची रेघ माझ्या रेघेशेजारी ठेवून, सहापर्यंत तिनं चार मिनिटं कुठं भरून काढली, ते बघायचं होतं."