चार बोटं आखूड

चांगुणाबाईंना ब्रेकचं सामान विकायची भीती वाटते. आरसे, बल्ब, हॉर्न त्या हसतखेळत देतात, गिऱ्हाइकाशी दोन शब्द भांडतातही. पण कुणी ब्रेकचं काही मागितलं की त्यांचा चेहरा उतरतो. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे, त्यामुळे हे मी रोज बघत आलोय. मी चिडवायचोही. "वहिनी, ब्रेक विकताय का बॉम्ब?" त्या म्हणायच्या, "भाऊजी, हॉर्न न्हाई वाजला तर माणूस शिव्या देतो. ब्रेक न्हाई लागला तर शिव्या द्यायला बी माणूस उरत न्हाई."

दुकान मूळचं खेमाचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. खेमा माझा दोस्त. कोणत्या सालच्या जीपला काय बसतं हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं, आणि हृदयाच्या झटक्यानं गेला तेव्हा ते डोक्यातलं सगळं घेऊन गेला. मागे राहिले बारीक इंग्रजी अक्षरांचे खोके आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या चांगुणाबाई. त्यांनी आपली एक रीत काढली: नमुना आणा. जुना भाग खोलून आणायचा, काउंटरवर ठेवायचा. त्या शेजारी नवा ठेवणार, लांबी बघणार, जाडी बघणार, आटे बोटांनी चाचपणार, आणि मगच देणार. आमच्याकडच्या जुन्या जीपांना हीच रीत बरी. कागदावर एक साल, खाली तीन गाड्यांचे अवयव. गाडीवाला खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, नमुना कशाला खोटं बोलेल? मलाही हे अगदी पटायचं.

एके दिवशी सकाळी हिंगोलीची प्रवासी जीप चालवणारा अमरसिंग ब्रेकचा होज पाईप घेऊन आला. हा रबराचा पाईप सांगाड्यापासून पुढच्या चाकापर्यंत ब्रेकचं तेल नेतो. अमरसिंगचा पाईप तडकून गळत होता. अमरसिंग मुळात घाईचा माणूस; जीप गच्च भरली तरी "सरका थोडं" म्हणत आणखी दोघांना कोंबणारा. चांगुणाबाईंनी जुन्याशेजारी नवा ठेवला. बराबर तोच. अमरसिंगनं दुकानासमोरच तो बसवला, तेल भरलं, हवा काढली, पेडल दाबून बघितलं. ब्रेक टणक लागत होता.

चांगुणाबाईंची लेक पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्याच दिवशी तान्ह्या पोरीला घेऊन हिंगोलीला सासरी निघाली होती. आधी एक जीप येऊन गेली होती, पण तिच्यात चांगुणाबाईंनी लेकीला बसू दिलं नव्हतं. आता त्यांनी स्वतः पिशवी उचलली आणि अमरसिंगच्या शेजारची जागा अडवली. "हिच्यातच जाय. हिचा ब्रेक म्या डोळ्यानं बघितला." मला त्यांची गंमत वाटली. इतक्या दिवसांत ब्रेकच्या बाबतीत त्या पहिल्यांदाच निर्धास्त दिसत होत्या.

जीप गेली आणि थोड्या वेळानं बुद्धभूषण मेकॅनिक बल्ब घ्यायला आला. पाईपचा विषय निघाला तसा तो सहज म्हणाला, "अमरसिंगला लांबवालाच दिला ना काकू?"

"कोणता लांबवाला?"

"आवं, त्याचा पुढचा एक्सल म्या बदलला न्हाई का परवा? भंगारातून नव्या मॉडेलचा बसवला. त्यो रुंद असतो, चाक बाहेर सरकतं. जुना पाईप आखूड पडत होता, म्हणून त्याला म्हणलं, काकूकडून चार बोटं लांब घे. घेतो म्हणला."

चांगुणाबाईंनी काउंटरवरचा जुना पाईप उचलला आणि तडकलेल्या जागी अंगठा फिरवला. पाईप जुना होऊन तडकला नव्हता, ताणून तडकला होता. आणि त्यांनी त्याच्याच मापाचा दुसरा दिला होता. मी शिंपी माणूस, मला लगेच कळलं. काखेत आखूड शिवलेली बाही हात खाली असेपर्यंत छान दिसते. हात वर केला की उसवते. चाकं सरळ असेपर्यंत पाईप ठीक राहणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ताणला जाणार.

पल्लवीचा फोन लागेना. अमरसिंगचा लागला, पण गाडी चालवताना तो फोन कशाला उचलतोय. मी मोटारसायकल काढली. चांगुणाबाई मागे बसल्या आणि दुकान उघडंच राहिलं. मला गाडी जोरात चालवायची सवय नाही. त्या मागून एकच विचारत होत्या, "वळण कुठं कुठं हायेत, भाऊजी?" मी म्हणालो, रस्त्यावरच्या वळणाला एवढं स्टिअरिंग फिरत नाही, काळजी करू नका. पण सेनगावच्या स्टँडवर जीप जागच्या जागी वळवावी लागते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सेनगावला जीप नव्हती. "आत्ताच गेली, वळवून," पानवाला म्हणाला. चांगुणाबाई वळायच्या जागेवर जाऊन खाली बसल्या. धुळीत ओले थेंब होते. त्यांनी एक बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, वास घेतला. मी मनात म्हणत होतो, पाणी असू दे, इंजिनचं तेल असू दे, काहीही असू दे.

"ब्रेकचंच हाय," त्या म्हणाल्या.

सेनगावहून पुढे नरसीच्या रस्त्याला एका ओढ्याचा उतार आहे, खाली अरुंद पूल. तिथवर आम्ही कसे गेलो ते मला नीट आठवत नाही. चांगुणाबाईंची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती, आणि पुढून गाडी आली की मी तिच्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघत होतो. अपघात बघून आलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो म्हणतात. मला प्रत्येकच चेहरा तसा दिसत होता.

उताराच्या मध्यावर माणसं जमली होती. जीप रस्ता सोडून हळदीच्या शेतात घुसली होती. ओल्या वाफ्यांनी तिला धरलं होतं, चाकं अर्धी मातीत होती आणि हळदीची पानं चिरडून पडली होती. कुणाचं कोपर फुटलं होतं, कुणाच्या कपाळाला खोक होती. पल्लवी बांधावर बसली होती. पदरात पोरगी रडत होती. इतकं बरं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

अमरसिंग आम्हाला बघून धावत आला. त्यानं अजून जीपखाली डोकंही घातलं नव्हतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "काकू, तुमचे उपकार. पेडल खाली गेलं, पण शेवटाला जरासा ब्रेक लागला म्हणून शेतात घालता आली. आज नवा पाईप नसता तर समदे खाली पुलावर असतो." कपाळाला खोक पडलेल्या म्हातारीनं चांगुणाबाईंचे हात हातात घेतले आणि तुमचं भलं होवो म्हणाली.

मी त्यांच्याकडे बघितलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. मला तर वाटत होतं, राहावं गप्प.

"पाईपानंच झालं हे," चांगुणाबाई म्हणाल्या. आवाज एवढासा होता, पण सगळे थांबले. "त्यो आखूड होता. म्या दिला. नमुन्यावर भरवसा ठेवला, गाडी बघितली न्हाई."

म्हातारीनं त्यांचे हात सोडले. चांगुणाबाई तशाच बांधाकडे गेल्या आणि नातीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले. पल्लवीनं आईकडे बघितलं, रडणाऱ्या पोरीला उचललं आणि आईपासून लांब, पलीकडच्या खांद्यावर घेतलं.