मधले दोन गर्डर

खिल्लारे सरांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते शिडीवर होते आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. जवळा बाजारच्या आमच्या वाचनालयाला जिनिंगचे जुने गोदाम मिळाले होते. वर अभ्यासिकेचा मजला चढवायचा होता. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले सर हिंगोलीहून छताचे लोखंडी गर्डर भार पेलतील का ते पाहायला आले होते. त्यांनी रंग खरवडला, खडू घासला आणि लोखंडावर कारखान्याचे नाव उमटले, म्हणजे माल खात्रीचा. समितीने तिथेच पेढे मागवले. सर मात्र शिडी पुढच्या गर्डरकडे नेत होते. एक पाहून बाकीचे गृहीत धरायची आपली पद्धत. सोयरिकीतही तेच चालते. सरांना ही पद्धत कधी जमली नाही.

मधल्या दोन गर्डरवर नाव निघाले नाही. उंची तीच, रंग तोच, जाडी मात्र कमी. कुठल्याशा मोडीतून आणून मागाहून बसवलेले. टोकाचा तुकडा कापून तपासू द्या, नाहीतर खाली खांब द्या, असे सर म्हणाले. खांबांनी शोभा जाते, असे समितीचे मत पडले.

अध्यक्ष भाऊसाहेबांनी विचारले, “इतकी वर्षं उभं हाय ना सर? काहून अडून राहिले?”

“इतकी वर्षं त्याच्यावर पत्रे होते, भाऊसाहेब. आता तुमी लेकरं बसवून राहिले.”

सही दुसऱ्या अभियंत्याची मिळाली. मजला झाला.

सरांनी अबोला धरला नाही. आठवडी बाजाराला ते येतात, गर्डरखाली दोरी ताणून वाक मोजतात, लोक हसतात. वरची पुस्तकांची जड कपाटे त्यांनी या वयात पोरांसोबत ढकलून भिंतीकडे नेली. वाक थोडा वाढला आहे, एवढेच ते मला सांगतात, तेही आवाज न चढवता.

त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार समितीने त्याच वरच्या अभ्यासिकेत ठेवला आहे. सरांनी निरोप धाडला, “लेकरं खाली उतरवा, मग मी एकटा वर येतो.” पत्रिका छापून झाल्या, असे उत्तर गेले.

सरांना निरोगी शंभर वर्षे लाभोत, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरलेले पाहण्याची वेळ त्यांच्यावर न येवो. हा लेख ज्या गौरवग्रंथासाठी लिहिला, तो सत्कारातच वाटला जाणार आहे. आपण तो वर बसून वाचत असाल, तर कृपया मिटा आणि शेजारच्या पोरांना घेऊन सावकाश खाली या. अंगणात खुर्च्या मांडल्या आहेत. सर तिथेच आहेत.