मागून येणारं ‘आता’

फोन प्रल्हादच्या नंबरवरून आला, म्हणून समोरचं न ऐकताच मी म्हणालो, “येतो ना बे रविवारी नदीवर, किती वेळा विचारशील?” पलीकडे वहिनी होत्या. “भाऊजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. शाळेत जायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही... पाच आठवडे झाले, माझा अजून विश्वास बसत नाही. आदल्याच संध्याकाळी त्याने मला बजावलं होतं, टोपी घालून ये, नाहीतर गळ कानात घुसेल.

प्रल्हाद माझा जुना मित्र, अकोल्याला भूगोल शिकवायचा. पन्नाशी उलटल्यावर या गड्याला माशीच्या गळाने मासे धरायचं खूळ लागलं. माशी खरी नाही. कोंबड्याचं पीस नि रेशमी दोरा गळाला गुंडाळून केलेली, पाण्यावर अलगद उतरवायची. कुठल्याशा व्हिडिओत त्याने हे पाहिलं आणि लांब, लवचीक काठी मागवली. धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हे कळल्यावर वहिनींनी कपाळावर हात मारला. “सोडाचाच हाये तं धरता काहून?”

एकट्याने वेडं होणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दर रविवारी काठी घेऊन तो अमरावतीला माझ्या गच्चीवर हजर. गळाऐवजी दोरीच्या टोकाला कापसाचा पुंजका बांधायचा; आपल्याकडे पाण्यापेक्षा कापूसच जास्त, म्हणायचा. काठी मागे न्यायची, दोरी मागे पुरती सरळ होईस्तोवर थांबायचं, मगच पुढे फेकायची. मी जन्माचा उतावळा. थांबायचोच नाही, आणि कापूस माझ्याच मानेवर. मागे वळून बघावं तर खांदा फिरायचा. शेवटी तोच माझ्या मागे उभा राहिला. “तू मांगं पाहू नको. मी पाहून राहिलो ना. आता म्हनलं का फेक.” त्याने ‘आता’ म्हटलं की दोरी टाकीवरून थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत जायची.

बाळापूरला नदीवर जायचं मात्र तीनदा ठरलं आणि तिन्ही वेळा मीच मोडता घातला. एकदा लग्न, एकदा पाहुणे, एकदा तर नुसता कंटाळा. पहिला मासा दोघांनी मिळूनच धरायचा, हा त्याचा हट्ट. म्हणून तोही एकटा गेला नाही. चौथ्यांदा ठरलेला रविवार यायच्या आधीच तो गेला. डबाभर माश्या बांधल्या त्याने, एकही पाण्याला लागली नाही. माझ्यामुळे. मला माझी लाज वाटते.

वहिनींनी काठी माझ्याकडे दिली. परवा गच्चीवर गेलो, पुंजका बांधला, काठी मागे नेली आणि थांबलो. जन्मात पहिल्यांदा नीट थांबलो... मागून आवाज आला नाही. दोरी सरळ झाली असेल, मग सैल होऊन खाली पडली असेल. काठी तशीच धरून मी बराच वेळ उभा होतो. मागे वळून पाहिलं नाही. पाहू नको म्हणाला होता.