गच्चीवरची कपाशी आणि मैनेचा चीक

आमच्या ऑफिसात प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि काही महिन्यांनी सिस्टिम तो आपोआप पुसून टाकते. किस्से मात्र पुसले जात नाहीत. ते चहाच्या कपांबरोबर साठत जातात. कोणी नवीन जॉइन झालं की पहिल्याच दिवशी आम्ही ते त्याच्या डोक्यावर ओततो, आणि दर वेळी सांगताना त्यांना थोडं खतपाणी मिळतं. मी सांगतोय ते मात्र अगदी खरे आहेत. निदान बरेचसे!

हैदराबादच्या दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. खाली पोरं एंट्रन्सची घोकंपट्टी करतात आणि वर आम्ही शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देतो. तेलुगू डेस्कने अख्खा हॉल व्यापलाय. मराठी डेस्क म्हणजे खिडकीजवळची दोन टेबलं. पिकांसाठी मी, म्हणजे सुलतान बाजारातल्या कापडवाल्या जाधवांचा शेतकी कॉलेजात गेलेला मुलगा. जनावरांसाठी डॉक्टर अश्विनी. आमच्या दोघांच्या डोक्यावर वेंकट सर, मूळचे आदिलाबादचे, त्यामुळे त्यांना मराठी येतं आणि आम्हाला त्यांच्यामागे काही बोलता येत नाही.

*

वेंकट सरांचा एक नियम आहे. ज्या पिकाचा सल्ला द्यायचा, ते पीक सल्ला देणाऱ्याने स्वतः वाढवायचं. आता दिलसुखनगरात रान कुठून आणणार? म्हणून गच्चीवर रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेत. तेलुगू डेस्कची मिरची, माझी कपाशी आणि तूर. खालच्या क्लासचे सर आम्हाला वेडे समजतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

एकदा देगलूरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. डोमकळी नक्की कशी ओळखायची, म्हणून विचारत होता. गुलाबी बोंडअळी आत शिरली की कपाशीचं फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात, तीच डोमकळी. मी म्हटलं, थांबा, झाडाजवळ जाऊनच सांगतो. कानाला हेडसेट लावून तसाच गच्चीवर पळालो. आणि काय सांगू, माझ्याच डब्यात खरीखुरी डोमकळी! हळूच उघडली तर आत अळी वळवळत होती. एवढ्या गर्दीच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, एका डब्यातली कपाशी तिने शोधून काढली होती. मला इतका आनंद झाला की मी "आली, आली" ओरडतच खाली आलो. सगळा हॉल उठून वर धावला. वेंकट सरांनी माझ्याशी हात मिळवला. अळीबरोबर सेल्फी निघाले.

कानात शेतकरी अजून होताच. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या रानात आली की आमच्या पोटात गोळा येतो, अन् तुम्ही नाचलालाव."

मग मी खाली बसून त्याला कामगंध सापळे, डोमकळ्या तोडून नष्ट करणं, कपाशीचा हंगाम न लांबवणं, असं सगळं नीट सांगितलं. सांगताना आवाजातला आनंद काही जाईना.

*

व्हॉट्सॲपवर फोटो मागवायला लागल्यापासून आमचं काम सोपं होईल असं वाटलं होतं. किनवटच्या एका काकांची तूर वाळत होती. त्यांना म्हटलं फोटो पाठवा. आला तो फोटो कॅलेंडरवर छापावा असा. हिरवीगार तूर, शेंगांनी लगडलेली, शेजारी नवं धोतर नेसून काका उभे.

मी म्हटलं, काका, हे झाड तर ठणठणीत आहे, रोग कुठे आहे? काका म्हणाले, आजारी झाडं बांधाच्या पलीकडं आहेत. मग त्यांचा फोटो का नाही काढला? काका जरा रागावलेच. म्हणाले, "एवढ्या मोठ्या हापिसात फोटो जाणार, तिथं खराब झाड दाखवावं का माणसानं?"

तेव्हापासून आम्ही फोटो मागताना आधी सांगतो, जे दाखवायची लाज वाटते तेच पाठवा.

*

अश्विनी पुण्याची. नवरा आयटीत, त्याची बदली झाली म्हणून हैदराबादला आली. जनावरांची डॉक्टर, हुशार, आणि शिस्त अशी की चहासुद्धा ती वेळेवर पिते. ती जॉइन झाली आणि वेंकट सरांच्या नियमाची पंचाईत झाली. म्हैस गच्चीवर कशी चढवणार? लिफ्टमध्ये तर आम्हीच मावत नाही.

सरांनी तोड काढली. मुसी नदीपलीकडे यादगिरी नावाच्या ओळखीच्या माणसाचा तबेला आहे, तिथे अश्विनीने दर रविवारी जायचं. ती पहिल्या रविवारी अगदी जय्यत तयारीने गेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्रही. एका म्हशीची जीभ तपासायला वाकली आणि म्हशीने ओळखपत्र तोंडात घेतलं. यादगिरी ओरडला, "डाक्टरम्मा, खींचो, निगल गई तो मुसीबत हो जाती!" अश्विनीने जबड्यात हात घालून ते ओढून काढलं. निम्मं शाबूत, निम्मं म्हशीच्या दातांनी चघळून सपाट केलेलं, फोटोसकट.

दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड मागितल्यावर एचआरने कारण विचारलं. तिने खरं तेच सांगितलं. त्यांना ती चेष्टा वाटली आणि नवीन कार्ड काही मिळालं नाही. आजही ती नाक नसलेल्या फोटोचं ते कार्ड गळ्यात घालून फिरते आणि वॉचमन तिला सगळ्यात आधी सलाम करतो.

*

आता मैनेची गोष्ट.

भोकरजवळच्या एका गावातून वंदनाताईंचा फोन आला. त्यांच्याकडे मैना नावाची वगार होती, म्हणजे अजून एकदाही न व्यायलेली तरुण म्हैस. माहेराहून आलेली. तिची आई मेली, तेव्हा ताईंनी बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं होतं. आता मैना गाभण राहत नव्हती. कृत्रिम रेतन करून झालं होतं, तेही वाया गेलं. यजमान मारोतराव म्हणत होते, आणखी एकदा बघू, नाहीतर बाजार दाखवू. फोनवर ताई हे सांगत असतानाच मागून मारोतराव मुद्दाम ऐकू जाईल असं बोलत होते. "हैदराबादेत बसून यांना आमची म्हैस दिसलाली का?"

अश्विनीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने विचारलं, माजावर आलेली कधी दिसते? ताई म्हणाल्या, दिसतच नाही, गुपचूप असते. मग अश्विनीने त्यांना समजावलं की म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही, हुंदडत नाही, आणि उन्हात तर कळूच देत नाही. म्हणून पहाटे आणि दिवेलागणीला गोठ्यात जाऊन बघायचं. काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव दिसला की समजायचं. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तोवर जंताचं औषध, रोज खनिज मिश्रण आणि पोटभर हिरवा चारा.

आमच्या प्रत्येक कॉलच्या शेवटी एक रेकॉर्डेड बाई विचारते, समाधान झालं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. ताईंच्या हातून फोन घेऊन मारोतरावांनी दोन दाबलं. पुढे ताईंचा फोन आला की शेवटी दोन ठरलेलं. अश्विनीचे कान लाल व्हायचे.

*

एका सकाळी ताईंचा फोन आला तो धापा टाकतच. "डाक्टरीणबाई, काच दिसली!"

अश्विनी खुर्चीतून उठून उभी राहिली. तिच्याबरोबर मीही उठलो, मला काय कळत होतं कोण जाणे! तिने सांगितलं, घाई नको, संध्याकाळी भरवायची, आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेवा. ताई म्हणाल्या, हे तर बाजारात गिऱ्हाईक बघायला गेलेत. अश्विनी म्हणाली, जाऊ द्या, तुम्ही फोन लावा. ताईंनी लावला, संध्याकाळी गावचे डॉक्टर आले, काम झालं. मारोतराव परतले तेव्हा मैना खाली मान घालून चारा खात होती आणि ताई दारात उभ्या होत्या. आता तपासणी होईपर्यंत हिला विकायची नाही, असं त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच ठणकावून सांगितलं. हे ताईंनीच आम्हाला दुसऱ्या दिवशी ऐकवलं, हसत हसत.

मग वाट बघणं आलं. शेवटी गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ताईंचा फोन आला. अश्विनी, जी कधी आवाज चढवत नाही, ती हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "राहिली! गाभण राहिली!" मी टेबलावर थाप मारली. वेंकट सरांनी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली. तेलुगू डेस्कला नीट काही कळलं नव्हतं, पण टाळ्या त्यांनीच जास्त वाजवल्या.

संध्याकाळी अश्विनीला एचआरची मेल आली. हार्दिक अभिनंदन, आणि सोबत मॅटर्निटी लीव्हचे नियम. तिने एका ओळीत उत्तर पाठवलं. "म्हशीला लागू होत असतील तर पुढे पाठवते."

*

मैनेचे दिवस भरत आले तशी मला खरवसाची स्वप्नं पडायला लागली. घरी बाबा आठवण काढतात, कोठीच्या बाजारात शोधून शोधून मिळतो तो पावडरचा. आणि इथे एक ओळखीची म्हैस व्यायला टेकलेली! मी वेंकट सरांना खरवस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. गूळ, वेलची, वाफेवर थरथरणारी वडी. त्यांनी तेलुगू डेस्कला सांगितलं. जुन्नूची, म्हणजे त्यांच्याकडच्या खरवसाची, आठवण काढून सगळा हॉल हळवा झाला.

आणि शेजारच्या टेबलावर अश्विनी वंदनाताईंना सांगत होती, "व्यायल्यावर पहिल्या तासात चीक वासराला. जार पडायची वाट बघायची नाही. पहिला चीक म्हणजे त्याची लसच, तो गावात वाटायचा नाही." जार म्हणजे व्यायल्यानंतर पडणारी वार.

मी हळूच म्हटलं, सगळा कशाला लागतो, थोडा उरतो की. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तुरीच्या डब्यांना पाणी घालायला गच्चीवर गेलो.

ज्या दिवशी मैना व्यायली, त्या दिवशी फोन ताईंचा नव्हता. मारोतरावांचा होता, आणि त्यांना डाक्टरीणबाईशीच बोलायचं होतं. अश्विनीने स्पीकर लावला. मारोतराव आधी नुसते खाकरले. मग म्हणाले, "पारडी झाली. अजून जार पडली नाही, पर चीक पाजला. पोट भरून पाजला." मागून ताईंचं रडणं ऐकू येत होतं, आणि ते चांगलं रडणं होतं. ज्या म्हशीला आम्ही कधी पाहिलं नाही, तिच्यासाठी सगळा हॉल उभा होता.

कॉल संपला. रेकॉर्डेड बाईने तिचा प्रश्न विचारला. स्क्रीनवर एक आला.

*

दोन-तीन दिवसांनी मारोतरावांचा निरोप आला. नांदेडच्या गाडीने डबा पाठवलाय, ड्रायव्हर ओळखीचा आहे, उतरवून घ्या. मी ऑटो करून बसस्टँडवर पोचलो, घट्ट फडकं बांधलेला स्टीलचा डबा मांडीवर घेतला आणि कोठीच्या ट्रॅफिकमधून असा आलो की ऑटोवाल्याने विचारलं, अंदर क्या है साब, काँच का सामान?

डबा उघडला. खरवस! पिवळसर, जाळीदार, वर वेलचीची पूड. हॉलमध्ये वास पसरला. तेलुगू डेस्क चमचे घेऊन हजर झाला. वेंकट सरांनी पहिली वडी मानाने अश्विनीच्या ताटलीत ठेवली. तिने चमचा उचलला, आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली.

तिने चमचा खाली ठेवून फोन लावला. स्पीकरवर मारोतराव खुशीत होते. पोचला का डबा, गोड झालाय का, सगळ्यांना पुरला का? अश्विनीने विचारलं, "मारोतराव, हा चीक मैनेचाच का?"

"छ्या! मैनेचा एक थेंबही घेतला नाही बाई. तुमचा शब्द मोडीन का? सगळा पारडीला. पर तुमचं तोंड गोड करायचं होतं. शेजारच्या गंगाधररावची म्हैस परवाच व्यायली, तिचा पहिला चीक सगळाच मागून आणला."

हॉलमध्ये सगळ्यांचे चमचे हवेत होते. माझा तर ओठाला लागला होता.

अश्विनीने हेडसेट डोक्यावर चढवला, नाक नसलेलं कार्ड सरळ केलं आणि म्हणाली, "जरा गंगाधररावांना फोन द्या."