फ्रेडीची होडी आणि उंबराचं पाणी

फ्रेडी डिमेलो बोरिवलीच्या खाडीत होडी चालवतो आणि पाहुण्यांना प्रेक्षणीय स्थळं दाखवतो. ही स्थळं म्हणजे तिवरांची झाडं. "डावीकडे तिवरं," तो सांगतो. बऱ्याच वेळाने, "उजवीकडेपण." इतक्या कमी वाक्यांत प्रेक्षक धरून ठेवणारा नट मी पाहिलेला नाही, आणि माझा सगळा जन्म राण्या नि सासवा करत नटांमध्येच गेला.

मे महिन्यात आम्ही तिघं त्याच्या होडीत बसलो. मी, आमच्या बंद पडलेल्या नाटक कंपनीचा तबलजी अंबादास आणि पडद्याआडून सगळ्यांना वाक्यं पुरवणारी द्रौपदी. खाडीपलीकडचं गोराईचं जुनं गाव बघून यायचं होतं. ते मुंबईतच आहे, पण तिथली माणसं या काठावर यायला निघाली की "मुंबईला जाऊन येतो" म्हणतात.

होडीला झेंडूच्या माळा होत्या.

"आमच्यासाठी?" मी विचारलं. सवय, दुसरं काय.

"लिओनासाठी. माझी मुलगी. उद्या लग्न."

"मग आज होडी कशाला काढलीस रे?"

"तुम्हाला शब्द दिलेला. आणि पाणी आणायचंय."

पुढे त्याची बहीण बेटी ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर तांब्याची कळशी घेऊन बसली होती. बाकीचं तिने सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी गात-वाजत आणायचं, त्याने नवरीला आंघोळ घालायची. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्यांच्या गावठाणातली विहीर बुजली, तिच्यावर आता गाड्या उभ्या राहतात. म्हणून गोराईची, आजोळची विहीर.

"त्या पाण्याशिवाय आमच्या घरची एक मुलगी चर्चमध्ये गेली नाय," बेटी म्हणाली. "लिओना पहिली नाय होणार."

विहिरीवर आजोळच्या बायकांनी गाणी म्हटली, बेटीने कळशी भरली, बायका दुसऱ्या वाटेने बस पकडून लग्नघरी निघाल्या. आम्ही होडीत बसलो, बेटीने भरलेली कळशी फ्रेडीच्या पायाशी टेकवली आणि वारा उठला.

माझा पदर डोक्यावरून अंबादासच्या तोंडावर गेला. त्याने तो तसाच राहू दिला. बऱ्याच दिवसांनी कोणी त्याचं तोंड झाकलं होतं. फ्रेडी लाटांकडे बघत आपलं वाक्य विसरला, तेव्हा द्रौपदीने हळूच पुरवलं, "उजवीकडे..."

"तिवरं," फ्रेडी म्हणाला, आणि एक लाट होडीत आली. मग दुसरी.

पाणी उपसायला होडीत तेलाचा एक जुना डबा असतो. झेंडूत तो बरा दिसेना, म्हणून बेटीने सकाळी तो काढून टाकला होता. फ्रेडीचा एक हात सुकाणूवर. दुसरा हात नेहमीच्या जागी गेला, तिथे डबा नव्हता, कळशी होती. त्याने तीच उचलली, आतलं पाणी खाडीत ओतलं आणि भराभर उपसायला लागला. होडी हलकी झाली.

"फ्रेडी," बेटी म्हणाली, "कळशीत काय आहे?"

त्याने आत पाहिलं. "खाडी."

"आणि आधी?"



समोर बोरिवलीचा धक्का दिसत होता. पाणी वाजत घरी न्यायला आलेले बॅन्डवाले ट्रम्पेट पुसत होते.

"नळाचं घ्या ना," अंबादास म्हणाला. बेटीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझा पदर स्वतःच परत तोंडावर घेतला.

"तुम्हाला सोडतो, मग जातो," फ्रेडी म्हणाला. पण ओहोटी लागली होती, हे आम्हालाही दिसत होतं. आम्हाला सोडण्यात वेळ गेला असता, तर नुसता चिखल उरला असता.

"फिरव होडी," मी म्हणाले. "मध्यंतर झालं समज."

"येताना अडकाल."

"मला सहाला गोळी घ्यायची असते," अंबादास म्हणाला.

"कधी वेळेवर घेतलीस?"

"नाही."

"फिरव रे."

विहिरीवर आता कोणी नव्हतं. बेटी काठावर उभी राहिली, पण दोर सोडेना. "गाण्याशिवाय पाणी काढायचं नसतं. आणि मी एकटी किती गाऊ?"

मग आम्ही नांदी म्हटली. अंबादासने विहिरीपाशी पडलेला प्लास्टिकचा रिकामा कॅन तबला म्हणून मांडीवर घेतला. द्रौपदी मला शब्द पुरवत होती. तिला आयुष्यात प्रथमच मोठ्याने पुरवायची मुभा होती.

"हे लग्नाचं गाणं आहे?" बेटीने विचारलं.

"सुरुवातीचं आहे."

"चालेल," म्हणून तिने दोर सोडला.

परतताना कळशी मी मिठी मारून धरली. फ्रेडीने ती माझ्याकडेच दिली आणि स्वतः उपसायला त्या कॅनचं तोंड कापून घेतलं.

धक्का हाकेवर आला आणि होडी चिखलात बसली. फ्रेडीने पॅन्ट वर केली, कळशी डोक्यावर घेतली आणि मांडीभर चिखलात उतरला. "हळू," बेटी होडीतून म्हणत राहिली, "हळू." थेंबही सांडला नाही. बॅन्ड सुरू झाला.

पायऱ्यांवर लिओना उभी होती. तिने दोन्ही हातांनी कळशी घेतली.

"पप्पा, एवढा उशीर?"

माझ्याकडे हे उत्तर असतं, तर मी या जागी पानभर भाषण केलं असतं. द्रौपदी होडीतून ओठ हलवत होती, पण त्याला गरज पडली नाही.

"वारा होता," फ्रेडी म्हणाला, आणि आम्हाला एकेक करून पाठीवर न्यायला पुन्हा चिखलात उतरला.