सातचा वारा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तीसेक वर्षं मोटारी बांधल्या, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तार काढून नवी तांब्याची तार भरायची आणि मोटार पुन्हा फिरवायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक विचारतात, चौथी शिकलेला माणूस वेबसाइट कशी काय चालवतो. असं विचारणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

नागपूरच्या मनीषनगरात माझं घर आहे. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि तिच्यावर गच्ची. गच्चीच्या कठड्याला लोखंडी पाइप ठोकून त्यावर मी हवामानाचं यंत्र बसवलं आहे. ते तापमान, दमटपणा, वारा आणि पाऊस मोजतं आणि वरच्या खोलीतल्या एका डब्याला तारेशिवाय कळवतं. डब्यातले आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात. कोणी मोबाइलवर माझं पान उघडलं की विचारणा माझ्याच कॉम्प्युटरकडे येते आणि तोच उत्तर देतो. पान दुसऱ्या कोणाच्या दारात ठेवलेलं नाही.

हे सगळं मुलीने लावून दिलं. ती पुण्यात याच कामात आहे. तिने तेव्हाच सांगितलं होतं, "बाबा, पान बाहेरच्या सर्व्हरवर टाकू. घरचा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवणं तुमच्याच्यानं होणार नाही."

"तीस वर्षं दुसऱ्याच्या मोटारी चालू ठेवल्या. घरचा एक डबा चालू ठेवता येत नाही काय मले?"

"मोटार वेगळी, हे वेगळं."

"दोन्हीत करंटच जातो ना?"

तिने फोन ठेवला. पान घरीच राहिलं.

पहिल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद पडायला लागला. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ती उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे वरची खोली बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. मी कॉम्प्युटरची एक बाजू उघडी केली, समोर टेबलफॅन लावला, तरी तो बंद पडे. खाली न्यावा तर यंत्राचा सिग्नल दोन स्लॅबच्या आरपार पोचत नव्हता. मग मी गच्चीवर पाणी मारायला सुरुवात केली. पावणेसातला बोअर चालू करायचा, पाइप घेऊन वर जायचं आणि गच्ची नीट भिजवायची. पहिलं पाणी पडताच वाफ निघते, दुसऱ्याला ती थांबते. कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला.

गच्चीवर पाणी मारणं ही आमच्याकडे उन्हाळ्यात दात घासण्यासारखी गोष्ट आहे. त्याची कोणी नोंद ठेवत नाही. मीही ठेवली नाही.

त्याच उन्हाळ्यात आलेखावर मला एक गोष्ट दिसली. रोज सातच्या सुमारास तापमान एकदम तीन-चार अंश उतरत होतं आणि दमटपणा वाढत होता. रोज, न चुकता. पावसाळा लागला आणि ते बंद झालं, थंडीत नव्हतं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झालं. मी पानावर लिहिलं, की मनीषनगरच्या या भागात उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता थंड वारा येतो आणि बाकी नागपूर तापत असताना इथे हवा उतरते. त्याला मी सातचा वारा असं नाव दिलं. मुलगी म्हणाली, थोडं तपासून पाहू. मी म्हटलं, दोन उन्हाळ्यांची नोंद आहे, आणखी काय तपासायचं?

पान पाहणारे फार नव्हते. सकाळी फिरायला जाणारे काही लोक, वड्या-पापड वाळवणाऱ्या दोन-तीन बाया आणि एक मंडपवाला. खाली माझा फोन नंबर दिला होता, त्यावर कधी कधी कोणी तरी विचारायचं.

असाच एक फोन गांधीबागेतून आला. कापडाच्या दुकानात काम करणारा माणूस होता, पन्नाशीच्या आसपासचा. त्याच्या बायकोला उष्णता सहन होत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात तिला दोनदा भोवळ आली, एकदा जिन्यातच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घर बदलता आलं तर बदला. माझ्या घरापासून दोन घरं सोडून एक वरचा मजला भाड्याने निघाला होता आणि त्याने माझं पान वाचलं होतं.

"काकाजी, हे सातच्या वाऱ्याचं खरं आहे ना?"

"स्वतः येऊन पाहा," मी म्हटलं.

तो दुसऱ्या दिवशी साडेसातला आला. मी त्याला गच्चीवर नेलं. त्याने चपला जिन्यात काढल्या आणि अनवाणी उभा राहिला. गच्ची ओली होती. ती त्यानेही पाहिली, मीही पाहिली.

"बरं वाटते जी इथं," तो म्हणाला. "आमच्याकडे या टायमाले भिंतीले हात लावता येत नाही."

मी त्याला आलेख दाखवला, समजावून सांगितला. तो म्हणाला, बायकोशी बोलतो, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी घरमालकाला होकार कळवतो.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात भाच्याचं लग्न होतं. आम्ही चार दिवस घर बंद करून गेलो. शुक्रवारी परत आलो तर कॉम्प्युटर बंद पडलेला होता. तो चालू केला. डब्याला स्वतःची बॅटरी आहे, त्याने चार दिवसांचे आकडे साठवून ठेवले होते, ते आलेखात भरले गेले. चारही संध्याकाळी आलेख सरळ हळूहळू उतरला होता. सातला काहीच झालं नव्हतं.

बायको लग्नातून आलेलं सामान काढत होती. मी तिला म्हटलं, "आपण नव्हतो त्या चार दिवसांत सातचा वारा आलाच नाही."

"काहून? तुमच्यासंगं लग्नाले आला होता काय?"

"हवेचं असंच असते. मधी खंड पडते."

"तुम्ही गेले, वारा गेला. तुम्ही आले, आता तोही येईन. मोठा ओळखीचा वारा आहे तुमचा." ती साड्या कपाटात ठेवून आली आणि दारात थांबली. "चार दिवस गच्चीवर पाणी कोणं मारलं?"

"पाण्यानं खोली थंडी होते. हवा नाही होत."

"मंग मी संध्याकाळी अंगणात सडा टाकतो तवा दारात थंडं काहून लागते? सडा काय मी खोलीत टाकतो?"

मी वर गेलो. पानावरचा वाऱ्याचा आलेख उघडून बसलो. यंत्राला वारा मोजणाऱ्या तीन वाट्या आहेत. दोन उन्हाळ्यांत सात वाजता त्या वाट्यांचा वेग कधीच वाढलेला नव्हता. हे मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं, आणि वाट्यांचं बेअरिंग जड झालं असेल म्हणून दोनदा तेल सोडलं होतं.

शनिवारी मी पाणी मारलं नाही. खुर्ची टाकून, तो डबा मांडीवर घेऊन यंत्राजवळ बसलो आणि दर पाच मिनिटांनी त्याच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. सात वाजले, सव्वासात वाजले, आकडा एकदम उतरलाच नाही. पावणेआठला पाइप आणून गच्ची भिजवली. आठच्या आत साडेतीन अंश उतरले. दरम्यान वरच्या खोलीत कॉम्प्युटर बंद पडला होता.

म्हणजे पान चालू राहावं म्हणून मी पाणी मारत होतो, आणि त्याच पाण्याने पान खोटं बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. ती माणसं राहायला आली असती, वारा नाही म्हणाली असती तर या वर्षी हवा फिरली असं मी सांगितलं असतं. मी असा विचार केला नाही असं इथे लिहिलं तर तेही खोटं होईल. रात्री जेवताना बायको एवढंच म्हणाली, "ती बाई जिन्यात पडली होती म्हणे."

सकाळी मी गांधीबागेत गेलो. त्यांची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. जिना अरुंद होता. बाई कूलरसमोर बसली होती, डोक्यावर ओला टॉवेल. तिचा नवरा मला पाहून चकित झाला. त्याने पाणी दिलं. मी उभ्यानेच सांगितलं की सातचा वारा वगैरे काही नाही, मी गच्चीवर पाणी मारत होतो आणि यंत्र त्याच गच्चीवर होतं, म्हणून साडेतीन अंश उतरत होते.

त्याने रिकामा पेला परत घेतला. मग म्हणाला, "काकाजी, मी तिथं उभा होतो ना. थंड तर लागत होतं."

"ओल्या गच्चीवर उभे होते तुम्ही."

"आन् तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"नाही आलं."

"दोन वर्षं?"

"दोन उन्हाळे," मी म्हटलं.

त्याचा आवाज चढला. नातेवाइकांना सांगून झालं होतं, सामान हलवायला दुकानातून दोन दिवसांची रजा घेतली होती. मी ऐकून घेतलं. माझ्यावर आवाज चढवलेला मी सहसा ऐकून घेत नाही.

मग ती बाई बोलली. "काकाजी, पाणी मारलं का खरंच साडेतीन डिग्री उतरते?"

"उतरते. खालची खोलीही उतरते. त्याची पक्की नोंद आहे माझ्याकडे."

"त्या घराले बोअर आहे?"

"आहे. माझ्याच संगं खोदला त्या घरमालकानं."

"इथं नळ सकाळी एक तास येते, आन् गच्ची चार घरांची. कोण मारू देईन पाणी?" ती नवऱ्याकडे वळली. "चला तिथं."

"वारा नाही म्हणून राहिले ना ते!"

"वारा नाही तर नाही. पाइप तर आहे. तुम्ही मारसान."

"मी?"

"मंग काय मी चढू गच्चीवर? मले तर भोवळ येते."

तो माझ्याकडे पाहून हसला नाही, पण खाली बसला आणि मलाही बसा म्हणाला.

घरी येऊन मी पानाच्या वर तीन ओळी लिहिल्या: दोन उन्हाळ्यांत सातला दिसणारा उतार वाऱ्याचा नाही. मी गच्चीवर पाणी मारत होतो. चूक माझी. जुने आलेख काढले नाहीत, तसेच ठेवले. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, 'चूक माझी' हे तुम्ही स्वतः टाइप केलं?"

"मंग कोण करणार? कॉम्प्युटर माझा आहे."

तिने पुन्हा बाहेरच्या सर्व्हरचं काढलं. मी नाही म्हटलं. यंत्र बाजूच्या रिकाम्या प्लॉटात खांब रोवून त्यावर नेलं आणि कॉम्प्युटर खालच्या खोलीत, त्या बाजूच्या खिडकीशी ठेवला. मधे आता स्लॅब नाही, सिग्नल पोचतो. बायकोची शिवणमशीन तिथून हलवावी लागली, त्यावरून ती आजही बोलते.

ती दोघं पुढच्या आठवड्यात राहायला आली. पावणेसातला तो पाइप घेऊन गच्चीवर चढतो, सुरुवातीला बडबडत, आता गप्प. त्या उन्हाळ्यात बाईला भोवळ आली नाही. ते पाण्यामुळे की घराला चारी बाजूंनी खिडक्या आहेत म्हणून, मला माहीत नाही, आणि पानावर मी त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.