भावोजी आणि जांभळी सोलकढी

जगातल्या प्रत्येक वस्तूवर उजेड चुकीच्या बाजूने पडतो, यावर आमच्या भावोजींची जेवढी श्रद्धा आहे तेवढी माझी देवावरही नसेल. भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे मामेभाऊ; यजमानांना ते दादा म्हणायचे. रत्नागिरीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. एका लग्नात "भटजींची सावली पडली" म्हणून त्यांनी दूर झालेला अंतरपाट पुन्हा धरायला लावला होता, ही गोष्ट लोक अजून हसून सांगतात. पुढे स्टुडिओ बंद करून ते पावसला राहायला गेले.

यजमान गेल्यावर मी एकटीपुरता भात लावायची आणि लोणच्याशी खायची. पुण्याहून लेक म्हणाली, "आई, तुझ्या रेसिपी इंटरनेटवर टाक." मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि बांगड्याचं कालवण करून दाखवलं. व्हिडिओ बघून दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने भावोजी दारात हजर. "वहिनी, तुमचं कालवण थरथरतंय," म्हणाले. थरथर ट्यूबलाइटची होती. त्यांनी सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर पन्नासावर असं काहीसं लावलं, आणि ती थांबली. झाकण उघडलं की पांढऱ्या वाफेला घाबरून कॅमेरा आपणहून अंधार करी. तेही पडद्यावरच्या कुलपाच्या खुणेवर बोट दाबून बंद केलं. बारीक रेघांची साडी बदलायला लावली, कारण पडद्यावर रेघा मुंग्यांसारख्या चालतात. लेकीने फोरकेमध्ये, म्हणजे अगदी बारकाव्यानिशी, का नाही घेत असं विचारलं, तर म्हणाले, "बघणारा गाडीत बसून तळहाताएवढ्या पडद्यावर बघतोय. त्याला बांगड्याचे खवले मोजायचेत काय?" हे सगळं होईपर्यंत जेवण थंडगार होई. मग आम्ही दोघं ते थंड कालवण कॅमेऱ्याला नावं ठेवत खायचो. त्यात माझं लोणच्याशी जेवणं कधी सुटलं ते कळलंही नाही.

मग सोलकढीचा व्हिडिओ आला. रंगाच्या बाबतीत भावोजी कॅमेऱ्यावर विश्वास ठेवत नसत. पांढरं ते पांढरं दिसेपर्यंत मोबाइलमधला रंगाचा आकडा स्वतःच फिरवत. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, ही सोलकढी आहे की जांभळाचं सरबत? दुसऱ्या बाईंनी विचारलं, भाताला नीळ घातली का? भावोजींनी लोकांच्या मोबाइलना दोष दिला. मला मात्र आधीचे व्हिडिओ ओळीने बघताना दिसलं की प्रत्येक जेवण आदल्यापेक्षा निळं होत गेलंय.

पुढच्या वेळी मी भाताचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"भातात हळद घातलीत का, वहिनी?"

"नाही."

 त्यांनी मोबाइल हळूच उपडा ठेवला. "डोळे गेले तर माझ्याकडे राहिलं काय," एवढंच म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांना उजेडाबद्दल तक्रार नव्हती.

डॉक्टरांकडे जायला ते तयार नव्हते. मी सांगितलं, तुम्ही येणार नसाल तर मीही यापुढे चूल पेटवणार नाही. मग आले. मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला; त्याने त्यांना पांढरं पिवळं दिसे, म्हणून ते निळं वाढवत राहिले होते. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला काय काय कबूल केलं ते त्याला आणि मला ठाऊक.

पट्टी निघाल्यावर मी त्यांना घरी आणलं. त्यांनी खिडकीतून माड पाहिले, चुन्याची भिंत पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, केस एवढे पांढरे कधी झाले तुमचे?"

"कधीचेच," मी म्हटलं.

 मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "दादाचेही एव्हाना झाले असते."